लिलावाची थैली आणि लोकसंग्रह

रत्नागिरी जिल्ह्यात भाताची कापणी-झोडणी उरकली की काही मळ्यांची मैदाने होतात. ढेकळे फोडायची, पाणी मारून माती चोपायची, फक्कीच्या रेषा ओढायच्या, कडेने बांबूंवर दिवे चढवायचे, की गावच्या कबड्डी स्पर्धेला सुरुवात. या सामन्यांत एक रिवाज दिसतो. खेळ रंगात आला की प्रेक्षकांतला कुणीतरी उठून निवेदकाच्या टेबलावर नोट ठेवतो आणि कर्ण्यावरून पुकारा होतो : आता येणाऱ्या चढाईत दोन गडी मारले तर अमुक वाडीच्या अमक्यांकडून दोनशे रुपये. चढाईपटू गडी मारून परत येतो, शिट्ट्या पडतात, नोट त्याच्या हाती जाते. संघातल्या बाकीच्या सहा जणांना त्यातला छदाम मिळत नाही आणि त्याबद्दल कुणी कुरकुरतही नाही. दोनशे रुपयांत तत्त्वज्ञान शोधणे अतीच वाटेल. पण रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1974 साली थेट याच जातीच्या व्यवहारावर आपला सगळ्यांत गाजलेला युक्तिवाद उभा केला. त्याच्या उदाहरणात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन आहे. प्रत्येक प्रेक्षक तिकिटाच्या वेळी चेंबरलेनच्या नावाच्या पेटीत वेगळे 25 सेंट टाकतो. हंगामात दहा लाख लोक येतात आणि चेंबरलेनकडे अडीच लाख डॉलर जमतात. पैसे देणाऱ्यांनी राजीखुशीने दिले, घेणाऱ्याने कष्टाने मिळवले, तिसऱ्याचे काही गेले नाही. मग यात अन्याय कुठला, आणि ही कमाई अडवण्याचा हक्क कुणाला, असे नोझिक विचारतो.

व्यावसायिक खेळात हा हक्क आहे असे गृहीत धरून गेली कित्येक दशके कारभार चालला आहे. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएने 1984-85 च्या हंगामापासून आणि फुटबॉलच्या एनएफएलने 1994 पासून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे 2008 साली आयपीएल आली ती ही मर्यादा सोबत घेऊनच आली, आणि 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीनेही तीच वाट धरली. आपण तिला पर्स म्हणतो, थैली म्हणतो. 2023 पासून प्रो कबड्डीत एका संघाची थैली 5 कोटींची आहे. त्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये लावले. निम्म्याहून जास्त थैली एका माणसावर रिकामी झाली आणि उरलेल्या किमान सतरा जणांचा संघ 2 कोटी 39 लाख 50 हजारांत बसवावा लागला. थैलीला बूड नसते तर पवनला तीन कोटी मिळाले असते की चार, हे कुणी सांगू शकत नाही. न सांगता येण्याची ही सोय मर्यादेनेच केलेली आहे. माझा मुद्दा असा की ही मर्यादा तत्त्वतः न्याय्य ठरू शकते, पण एका अटीवर. मर्यादेमुळे जो पैसा खेळाडूच्या हाती जायचा राहतो तो कुणाचा, याचे उत्तर तिने दिले पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक मर्यादा ते देत नाहीत.

आधी नोझिकला उत्तर दिले पाहिजे, कारण त्याचा मुद्दा लेचापेचा नाही. त्याच्या उदाहरणातली गफलत हिशेबात नाही, दृश्यात आहे. प्रेक्षकाने 25 सेंट चेंबरलेनसाठी टाकले हे खरे, पण तो एकटा चेंबरलेन बघायला आलेला नाही. एकटा माणूस मोकळ्या मैदानावर बास्केटमध्ये चेंडू टाकत बसला तर दहा लाख काय, दहा माणसेही जमणार नाहीत. कबड्डीत तर हे अगदी उघडे पडते. चढाईपटू रेषा ओलांडून जातो तेव्हा समोर कोपरारक्षक पायाची वाट बघत वाकलेला असतो, साखळी आत-बाहेर होत असते, आणि तीस सेकंदांत काय घडेल ते कुणालाच ठाऊक नसते. ही अनिश्चितता हाच विकाऊ माल आहे. तो माल पवन एकटा पिकवत नाही. त्याला पकडू शकणारे लोक समोर असतील तरच पवनच्या निसटण्याला किंमत. दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडले तर हवेच असते. कबड्डी संघाला समोरचा संघ मोडकळीला आला तर स्वतःचेच तिकीट विकले जात नाही. प्रतिस्पर्ध्याला जिवंत आणि तुल्यबळ ठेवण्यात स्वतःचा स्वार्थ असलेला असा धंदा दुसरा सापडणे कठीण. म्हणून संघांनी एकत्र बसून ‘कुणीही अमक्याच्या वर खर्च करायचा नाही’ असे ठरवण्यात एक खरे कारण आहे, जे सिमेंट विकणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसण्यात नसते.

हे कारण अनुभवाला उतरते का? काही प्रमाणात उतरते. प्रो कबड्डीच्या पहिल्या 12 हंगामांत 8 वेगवेगळे संघ विजेते झाले. जिथे पगाराला धरबंध नव्हता त्या युरोपीय फुटबॉलमध्ये बायर्न म्युनिकने 2013 ते 2023 अशी सलग 11 वर्षे जर्मनीची लीग जिंकली आणि स्कॉटलंडमध्ये 1985 नंतर सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांखेरीज कुणी विजेताच झालेला नाही. अशा स्पर्धेत उरलेल्या संघांचे चाहते दुसऱ्या जागेसाठी जीव टाकतात. पण पुरावा एकाच बाजूने झुकलेला नाही. आयपीएलच्या 2008 ते 2025 या 18 हंगामांपैकी 10 विजेतेपदे चेन्नई आणि मुंबई या दोनच संघांनी वाटून घेतली, थैली सगळ्यांची सारखी असूनही. सारख्या पैशांत कुणी चांगले डोके विकत घेतो, कुणी नाव. 2023 च्या त्याच हंगामात पवनवर निम्मी थैली लावलेल्या तेलुगू टायटन्सने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि तळ गाठला, तर पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख खर्चूनही करंडक नेला. पुण्याला ते परवडले, कारण आधीच्या हंगामांत घडवलेली तरुण पोरे त्यांनी राखून ठेवली होती आणि ती त्या लिलावात उभीच राहिली नव्हती. मर्यादेच्या आतल्या न्यायाची ही एक दुखरी जागा आहे. एकूण रक्कम बांधलेली असली की ताऱ्याला मिळणारा चढा भाव कुणाच्या तरी खालच्या भावातून निघतो, आणि बहुतेक वेळा तो ‘कुणीतरी’ गावाकडून नुकताच आलेला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा असतो.

इथे दोन प्रकारच्या मर्यादा वेगळ्या ठेवायला हव्यात. वाद घालणारे त्यांची नेहमी गल्लत करतात. एक, एका माणसाच्या कमाईवरची. दुसरी, संघाच्या एकूण खर्चावरची. पहिलीचा इतिहास इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वाचायला मिळतो. 1961 पर्यंत तिथे कुणाही फुटबॉलपटूला आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे, मैदानात साठ हजार लोक मावेनासे झालेले असले तरी. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची हाक दिली, तेव्हा त्या जानेवारीत ही मर्यादा उठली, आणि काही काळातच फुलमचा कप्तान जॉनी हेन्स आठवड्याला 100 पौंड घेऊ लागला. त्याआधी हे 80 पौंड कुठे जात होते? प्रेक्षक तिकिटाचे पैसे कमी देत नव्हता. खेळाडूची मर्यादा ठरल्याने सामन्यांत चुरसही वाढली नव्हती, कारण सगळीकडे 20च मिळणार तर चांगला खेळाडू मोठ्या शहराच्या, मोठ्या नावाच्या क्लबातच राहणार. वैयक्तिक मर्यादेला समतोलाचा आधारही उरत नाही. उरतो तो फक्त मालकांनी आपसात केलेला करार. आयपीएलमध्ये या प्रकाराचा एक ताजा अवशेष आहे. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही चढली तरी त्याच्या हाती ठरावीक रकमेपेक्षा जास्त पडत नाही. डिसेंबर 2025 मध्ये कोलकात्याने ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनवर 25 कोटी 20 लाखांची बोली लावली. त्याला मिळायचे 18 कोटी. वरचे 7 कोटी 20 लाख क्रिकेट मंडळाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. कल्याण करणे चांगलेच. पण एका खेळाडूच्या नावावर निघालेली रक्कम कुणाच्या कल्याणाला लावायची हे त्या खेळाडूला किंवा त्याच्या बिरादरीला न विचारता ठरावे, हे कल्याण जरा परस्परच झाले.

आता संघाच्या मर्यादेकडे. वाशीच्या बाजारात कोकणातल्या हापूसच्या पेटीचा भाव पूर्वापार रुमालाखाली बोटे दाबून ठरत आला. आडत्या आणि खरेदीदार यांच्यात काय ठरले ते बागायतदाराला दिसत नसे, आणि खरेदीदारांनी आधीच संगनमत केले असेल तर कुणाची बोटे मोजून काय उपयोग? खेळाच्या लिलावात रुमाल नाही, सगळे कॅमेऱ्यासमोर चालते, हातोडा पडतो, निवेदक ओरडतो. पण सगळ्या खरेदीदारांनी ‘अमुक कोटींच्या वर कुणीच जायचे नाही’ हे आधी ठरवलेले आहे, आणि माल म्हणून टेबलावर उभ्या असलेल्या माणसाला त्या बैठकीत जागा नव्हती. फरक एवढाच की आंब्याच्या व्यापाऱ्यांनी असे केले तर ती लबाडी, संघमालकांनी केले तर ते नियमपुस्तक. 2010 च्या आयपीएल हंगामात रवींद्र जडेजाला बाहेर बसावे लागले ते दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या ठपक्यामुळे. नियम मोडला म्हणून शिक्षा, हे ठीक. पण आपल्या कामाचा जास्त मोबदला देणारा शोधणे हाच गुन्हा ठरावा, अशी नोकरी आणखी कुठे आहे याचा विचार करून पाहावा.

या बैठकीत खेळाडूंना जागा मिळाली की काय होते, याचे उत्तर अमेरिकेत दिसते. तिथे मर्यादा मालकांच्या मर्जीने ठरत नाही, खेळाडूंच्या संघटनेशी केलेल्या करारात ठरते, आणि ती रकमेत नसून वाट्यात बांधलेली असते. एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग खेळाडूंचा. उत्पन्न वाढले की मर्यादा आपोआप वर सरकते. शिवाय कमाल आहे तशी किमानही आहे, संघाने किमान अमुक इतका खर्च केलाच पाहिजे. हे सामोपचाराने मिळालेले नाही. आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये मर्यादेवरून 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला. बेसबॉलमध्ये 1994 च्या संपाने वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि तिथे कडक मर्यादा आजतागायत आलेली नाही.

आपल्याकडचे आकडे या मापाने ताडून पाहिले की चित्र वेगळेच दिसते. आयपीएलच्या पहिल्या वर्षी 8 संघांची मर्यादा प्रत्येकी 50 लाख डॉलर होती, म्हणजे एकूण 4 कोटी. प्रक्षेपणहक्क तेव्हा 10 वर्षांसाठी शंभर कोटी डॉलरच्या आसपास गेले होते, वर्षाला साधारण 10 कोटी. म्हणजे प्रक्षेपणाच्या पैशाशी ताडून खेळाडूंचा वाटा सुमारे 40 टक्के. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले, वर्षाला सरासरी 9,678 कोटी. 2025 साली लिलावाची थैली 120 कोटी आणि सामन्यांचे मानधन वगैरे धरून संघाची एकूण मर्यादा 146 कोटी होती. 10 संघांचे झाले 1,460 कोटी. वाटा उरला 15 टक्के. ऋषभ पंतला लखनौने 27 कोटींना घेतले तेव्हा देशभर डोळे विस्फारले गेले. सतरा वर्षांत वाटा 40 वरून 15 वर आला, त्याची बातमी मात्र कुठे झाली नाही. तुलनेला कबड्डी घ्या. 2021 ते 2025 या पाच हंगामांचे तिचे हक्क सुमारे 908 कोटींना गेले, वर्षाला 180 कोटींच्या घरात. 12 संघांच्या थैल्या मिळून 60 कोटी, म्हणजे एक तृतीयांश. (हक्क घेणारी स्टार कंपनीच लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सची मोठी भागीदार असल्याने हा आकडा थोडा घरातल्या घरातला आहे, हे खरे.) गरीब कबड्डी आपल्या खेळाडूला श्रीमंत क्रिकेटच्या दुपटीहून मोठा वाटा देते. कारण सरळ आहे. रुपयांत बांधलेली मर्यादा उत्पन्नामागून लंगडत येते आणि उत्पन्न जितके जोरात धावते तितके मधले अंतर वाढत जाते. ते अंतर म्हणजे कुणाची तरी मिळकत असते.

खेळाडूने पैशाचा विचार करू नये, खेळ हीच साधना, असा एक सूर आपल्याकडे लगेच निघतो आणि त्याला गीतेचा आधार दिला जातो. रत्नागिरीत यावर बोलताना इथेच 1856 साली जन्मलेल्या टिळकांना टाळून चालणार नाही. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 साली छापल्या गेलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी गीतेला संन्यासाच्या कोपऱ्यातून काढून कर्माच्या बाजारात आणून उभे केले. फळाची आशा सोडायची, कर्म सोडायचे नाही, आणि ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज धरून ठेवण्यासाठी, ते करतच राहायचे, हा त्यांच्या मांडणीचा कणा आहे. पण फलाशा सोडण्याचा उपदेश कर्त्याला आहे. त्याने सोडलेले फळ तिसऱ्याने पिशवीत घालावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. अर्जुनाला निष्काम व्हायला सांगणाऱ्याने दुर्योधनाच्या ताब्यातले राज्य तसेच राहू द्यावे असे सांगितले नव्हते. निष्कामता ही माणसाने स्वतःला लावून घेण्याची शिस्त आहे. मालकाने नोकराला, संघाने खेळाडूला ती लावली की तिचे नाव बदलते. उलट तिसऱ्या अध्यायातल्या यज्ञाच्या कल्पनेत, सगळ्यांनी मिळून निर्माण केलेल्यातून परत काही न देता खाणाऱ्याची संभावना चोर अशीच केली आहे. त्या कसोटीवर आधी कुणाला उभे करायचे, हे 15 टक्क्यांचा हिशेब पाहिलेल्याने ठरवावे.

तरीही लोकसंग्रहाची कल्पनाच मला मर्यादेचा सगळ्यांत भक्कम आधार वाटते. चढाईपटूची कमाई ज्या रचनेवर उभी आहे, ती रचना, म्हणजे बारा संघ, त्यांचे पकडपटू, गावोगावचे सामने, तिथून वर येणारी पोरे, टिकून राहावी म्हणून बलवानाने आपला हात आखडता घ्यावा, हे न्यायाला धरून आहे. नोझिकचे समकालीन आणि विरोधक जॉन रॉल्स यांनी 1971 साली म्हटले होते की माणसाचे जन्मजात गुण ही त्याची स्वतःची कमाई नव्हे, ते नशिबाचे दान आहे, म्हणून त्याचा लाभ सगळ्यांच्या, त्यातही तळच्यांच्या, वाट्याला येईल अशी व्यवस्था असावी. हे मान्य केले तर पवनच्या पायांतला वेग समाईक ठेव ठरतो. पण मग संघमालकाचे भांडवल, त्याचे घराणे, त्याच्या ओळखी याही नशिबाच्याच. समाईक ठेवीचा नियम खेळाडूला लावायचा आणि मालकाला सूट द्यायची, यासाठी रॉल्सच्या पुस्तकात पान सापडणार नाही. बलवान हात आखडता घेतो तेव्हा तो लोकसंग्रह. बलवान दुसऱ्याचा हात धरतो तेव्हा ते नुसते बळ.

यावर एक आक्षेप असा की मुळात खेळाडूंना वाट्टेल तेवढे मिळते, त्यांच्यासाठी अश्रू कशाला? शाळेतला शिक्षक जन्मभरात मिळवत नाही ते एका हंगामात हातात पडते. भावना समजण्यासारखी आहे, पण नेम चुकलेला आहे. खेळाडूचे कापलेले कोटी शिक्षकाच्या पगारात जमा होत नाहीत. समाजातली विषमता कमी करायची तर त्याला प्राप्तिकर नावाचे साधन आहे आणि ते मालक-खेळाडू दोघांनाही लागते. शिवाय कोटींचे आकडे वर्षाचे असतात, आयुष्याचे नव्हे. चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई 2018 साली यू मुंबात 36 लाख 40 हजारांवर आला, एका हंगामात गाजला आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतले. मग दुखापतीने भाव पार कोसळला, आणि 2023 साली हरियाणाने पुन्हा 1 कोटी मोजले. प्रदीप नरवाल तर चढाईच्या गुणांचा विक्रमवीर. 2021 मध्ये त्याच्यावर 1 कोटी 65 लाखांची बोली लागली होती. 2025 च्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा एकही हात वर झाला नाही. ज्या धंद्यात माणूस तिशीच्या आसपासच बिनभावाचा होऊ शकतो, तिथे चार चांगल्या वर्षांचा वाटा कापणे म्हणजे आयुष्याचाच वाटा कापणे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नव्या, लहान लीगा तोट्यात चालतात. खेळाडूंच्या संघटना आणि वाट्याचे करार आणले तर मालक गाशा गुंडाळतील आणि खेळाडूच्या हाती शून्य उरेल. खो-खोकडे बघावे. 2022 साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झाली तेव्हा लिलाव न करता खेळाडूंचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला ठरावीक मानधन दिले गेले. परवडले तेवढेच दिले, आणि त्यात गैर काही नव्हते. पण वाट्याचा नियम नेमका इथेच कामाला येतो. वाटा टक्क्यांत ठरला तर वाईट वर्षी खेळाडूही कमी घेईल. नुकसान वाटून घेण्याची तयारी खेळाडूकडून अपेक्षित असेल, तर फायद्यातली भागीदारी नाकारण्याचे कारण उरत नाही. आणि वाटा मोजायचा तर हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात. मालकांचा खरा नकार मला तिथे दिसतो, टक्क्यांना तितकासा नाही. संघटनेचे म्हणाल तर लोढा समितीच्या शिफारशींनंतर 2019 साली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना झाली खरी, पण ती निवृत्तांची. जो आज खेळतो आहे, ज्याच्या थैलीचा आकडा आज ठरतो आहे, त्याला तिच्यात जागा नाही. कबड्डीतल्या मुलाकडे तर सल्ला विचारायला बहुतेक वेळा त्याचा गावचा प्रशिक्षक असतो, नाहीतर घरातला थोरला भाऊ.

मर्यादा मोडल्या जातात, टेबलाखालून पैसे दिले जातात, म्हणून त्या निरर्थक, असेही कुणी म्हणते. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्मने दुहेरी हिशेब ठेवून मर्यादा ओलांडल्याचे 2010 साली उघड झाले आणि 2007 व 2009 ची विजेतेपदे काढून घेतली गेली. चोरी होते म्हणून कुलूप टाकाऊ ठरत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

महिलांच्या खेळात मात्र हा प्रश्न अजून हाताबाहेर गेलेला नाही, म्हणून तिथे थांबून बोलायला हवे. 2016 साली प्रो कबड्डीसोबत महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी विरून गेली. खो-खोत रत्नागिरीच्या मुलींची परंपरा मोठी, पण अल्टिमेट खो-खोचे दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली विश्वचषक जिंकला तेव्हाही त्यांच्यासाठी लिलावाचे टेबल कुठे मांडलेले नव्हते. ज्यांची थैलीच शिवलेली नाही त्यांना थैलीच्या मर्यादेवरचा वाद चैनीचा वाटला तर नवल नाही. क्रिकेटमध्ये महिला प्रीमियर लीग 2023 साली आली. संघाची थैली तेव्हा 12 कोटी, पुरुषांच्या 2025 च्या थैलीच्या एक दशांश. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळूरने 3 कोटी 40 लाख दिले, म्हणजे थैलीच्या चतुर्थांशाहून मोठा हिस्सा. प्रक्षेपणहक्क पाच वर्षांचे 951 कोटी, वर्षाला 190. पाच संघांच्या थैल्या तेव्हा 60 कोटी. वाटा 31 टक्क्यांहून थोडा अधिक, कबड्डीच्या जवळपास आणि पुरुषांच्या आयपीएलच्या दुप्पट. आयपीएलही अशीच मोठ्या वाट्याने सुरू झाली होती. पुरुषांचे आणि महिलांचे, दोन्ही लीगांचे प्रक्षेपणहक्क 2027 च्या हंगामानंतर नव्याने विकले जातील. महिलांच्या लीगमध्ये पहिल्या वर्षीचा हा 31 टक्के वाटा किमान म्हणून त्याआधी लिहून टाकला, तर मालकांना आत्ता एक पैसाही जास्त मोजावा लागणार नाही. नवा करार कितीला जातो ते कळल्यावर हीच मागणी केली तर उत्तर काय येईल, त्याचा अंदाज बांधायला पुरुषांच्या लीगची सतरा वर्षे पुरेशी आहेत.